पॉल एर्लिख : ॲलर्जीची पेशी रंगाने ओळखणारे डॉक्टर

पावसाळा सरता सरता बडनेरा परिसरात रस्त्याकडेला गाजरगवत फुलते. त्याच सुमारास काही मुलांना सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक शिंका येतात, नाक पाण्यासारखे वाहते, डोळे खाजतात. घरचे सर्दी समजतात आणि मुलाला पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक दिले जाते. ही सर्दी जंतूंची की ॲलर्जीची, हे ठरवायला डॉक्टर कधी कधी नाकातील पेशींची तपासणी सांगतात. तिचा पाया पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरांनी घातला.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. मामेभाऊ कार्ल वायगर्ट यांच्यामुळे त्यांना कापड रंगवण्याच्या नव्या रासायनिक रंगांची गोडी लागली. एकच रंग सर्व पेशींवर सारखा का चढत नाही, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. १८७८ च्या प्रबंधात त्यांनी मास्ट पेशींचे वर्णन केले. १८७९ मध्ये, इओसिन नावाच्या लालसर रंगाने रंगणारे दाणे असलेली रक्तपेशी दाखवली. तिला त्यांनी इओसिनोफिल हे नाव दिले. या दोन्ही पेशी ॲलर्जीत भाग घेतात, हे पुढे कळले. तेव्हा ‘ॲलर्जी’ हा शब्दही नव्हता.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. एर्लिख यांनी तो रंगवण्याची पद्धत सुधारली. पुढे स्वतःच्याच थुंकीत त्यांना तो जंतू सापडला. विश्रांतीसाठी ते १८८८ मध्ये इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले. १९०८ मध्ये इल्या मेचनिकोव्ह यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१० मध्ये उपदंशावरील त्यांचे साल्व्हरसान हे औषध बाजारात आले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

तपासणी कशी होते?

मऊ काडीने नाकातील स्राव घेऊन काचपट्टीवर पसरतात, वाळवून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुई लागत नाही. मुलाला क्षणभर गुदगुल्या होतात किंवा शिंक येते.

निष्कर्षाचा अर्थ

- शंभर पेशींत साधारण १० किंवा अधिक इओसिनोफिल असल्यास ॲलर्जीची शक्यता वाढते. लहान मुलांत काही डॉक्टर याहून कमी प्रमाणही ग्राह्य धरतात.
- न्यूट्रोफिल पेशी जास्त असल्यास जंतुसंसर्गाचा विचार होतो.

एवढ्यावर निदान होते का?

नाही. ॲलर्जी नसतानाही काहींच्या नाकात इओसिनोफिल वाढतात. उलट स्टिरॉइड स्प्रे चालू असेल किंवा मधेच सर्दी झाली असेल, तर ॲलर्जी असूनही ते कमी दिसू शकतात. तसेच ॲलर्जी नेमकी कशाची, हे या तपासणीतून कळत नाही. त्यासाठी त्वचेवरील प्रिक टेस्ट किंवा रक्तातील आयजीई तपासणी लागते.

म्हणून तपासणीला जाताना चालू औषधे डॉक्टरांना सांगा. त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी आणि कुठे वाढतो, याची नोंद सोबत न्या. मुलाला रात्री खोकला येत असेल किंवा धाप लागत असेल, तर दम्याच्या तपासणीबद्दलही विचारा. डॉक्टरांना न विचारता उरलेले अँटिबायोटिक पुन्हा देऊ नका.