पंडिता रमाबाई

सोलापूरहून पुण्याला आगगाडीने जाताना दौंड सोडले की केडगाव नावाचे स्टेशन लागते. या गावी पंडिता रमाबाईंनी स्थापन केलेली मुक्ती मिशन ही संस्था आहे. निराधार स्त्रियांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करणाऱ्या या विदुषीची ओळख आज आपण करून घेऊ.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. स्त्रियांनी संस्कृत शिकणे त्या काळी लोकांना मान्य नव्हते. तरीही वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. आईने ती विद्या रमाबाईंना दिली. पुढे दुष्काळात आईवडील व बहीण दगावली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी, पायी देशभर फिरले. १८७८ साली ते कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

दुःखाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १८८० साली भाऊ वारला. १८८२ साली पतीही वारले. तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. रमाबाई खचल्या नाहीत. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहून त्यांनी शिक्षण घेतले व ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हिंदू विधवांच्या हालांविषयी त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यातून शाळेसाठी मदत मिळाली.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. तेथे मुलींना ख्रिस्ती केले जाते, अशी टीका १८९३ साली झाली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाईंनी शाळा बंद केली नाही. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा आणल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. स्वतः भूक सोसलेली असल्याने त्यांना या मुलींचे दुःख कळत होते. पण नुसते अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. लिहिण्यावाचण्याबरोबर शेती, विणकाम आणि छपाईही त्यांनी शिकवली. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय केली. सोलापूरजवळच्या गुलबर्ग्यालाही त्यांनी शाळा काढली.

रमाबाईंना मराठी, कन्नड, हिंदुस्थानी, बंगाली अशा अनेक भाषा येत होत्या. तरीही उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या भाषांतून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य बायकांना कळावे म्हणून मराठी अगदी सोपी ठेवली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. त्या दुःखातही रमाबाईंनी हे काम पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, तुम्हीही एकाहून अधिक भाषा शिकत आहात. आपल्याला मिळालेली विद्या ज्याला मिळाली नाही त्याच्यापर्यंत पोहोचवावी, हेच रमाबाईंनी जन्मभर केले. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कोणाला वाचता येत नसेल, तर त्याला अक्षरे शिकवायला आजच सुरुवात करा.