विश्लेषण : ‘ग्रे आउल’ खरोखर कोण होता? बीव्हरच्या रक्षकाची खोटी ओळख मृत्यूनंतर कशी उघड झाली?

कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातील प्रिन्स अल्बर्ट शहरात १३ एप्रिल १९३८ रोजी ४९ वर्षांच्या एका माणसाचा न्यूमोनियाने मृत्यू झाला. जग त्याला ‘ग्रे आउल’ म्हणून ओळखत होते. स्कॉटिश वडील आणि अपाची आई यांचा मेक्सिकोत जन्मलेला मुलगा, अशी स्वतःची ओळख तो सांगत असे. त्याच दिवशी ओंटारिओतील ‘नॉर्थ बे नगेट’ या वृत्तपत्राने बातमी दिली, की हा माणूस अस्सल इंग्रज होता. नाव आर्चिबाल्ड बेलानी.

आर्ची जंगलात कसा पोहोचला?

१८ सप्टेंबर १८८८ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे त्याचा जन्म झाला. वडील दारूच्या आहारी गेलेले आणि घरातून दुरावलेले. मुलाला आजी आणि दोन आत्यांनी वाढवले. घर शिस्तीचे, पण मुलाच्या डोक्यात अमेरिकेतील आदिवासी आणि जंगले. १७ व्या वर्षी, १९०६ मध्ये तो कॅनडाला निघून गेला.

ओंटारिओतील टेमागामी सरोवराच्या परिसरात ओजिब्वे लोकांनी त्याला सामावून घेतले. भाषा, होडी वल्हवणे, बर्फात तग धरणे, सापळे लावणे हे सारे तो त्यांच्याकडून शिकला. १९१० मध्ये त्याने ओजिब्वे समाजातील अँजेल एगवुना हिच्याशी लग्न केले आणि मुलगी तान्ही असतानाच दोघींना सोडून तो निघून गेला. पहिल्या महायुद्धात तो कॅनडाच्या सैन्यात नेमबाज होता. १९१६ मध्ये पायाला जखम झाली, उपचारांसाठी इंग्लंडला नेण्यात आले. तिथे त्याने बालपणीच्या एका मैत्रिणीशी दुसरे लग्न केले. अँजेलशी घटस्फोट झालेला नव्हताच. काही महिन्यांत तो कॅनडाला परतला, तोही एकटाच.

शिकारी बदलला कशामुळे?

बीव्हर हा मोठ्या कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी एक. तो झाडे पाडून ओढ्यांवर बांध घालतो, त्यामागे पाणी साठते आणि त्या पाण्यावर मासे, पक्षी, इतर प्राणी जगतात. युरोपातील टोप्यांसाठी त्याच्या केसांना मागणी असल्याने दोन शतकांहून अधिक काळ त्याची बेसुमार शिकार झाली. १९२० च्या दशकापर्यंत अनेक भागांतून तो नाहीसा झाला होता. आर्चीचे पोटही याच कातड्यांवर चालत होते.

१९२५ मध्ये त्याला गर्ट्रूड बर्नार्ड भेटली. अल्गोंक्विन आणि मोहॉक वंशाची ही १९ वर्षांची तरुणी पुढे ‘अनाहारिओ’ म्हणून ओळखली गेली. सापळ्यात अडकून तडफडणारे प्राणी तिला पाहवत नसत. १९२८ मध्ये आर्चीने लावलेल्या सापळ्यात एक मादी गेली आणि तिची दोन पिल्ले मागे राहिली. त्यांच्या कातड्याचेही पैसे आले असते, पण अनाहारिओने ती वाचवण्याचा हट्ट धरला. पिल्ले झोपडीत वाढू लागली, माणसांसारखी हट्ट करू लागली आणि त्यानंतर आर्चीने बीव्हरसाठी सापळा लावणे सोडले. ग्रे आउलचे श्रेय देताना हा निर्णय मुळात कोणाचा होता, हे अनेकदा राहून जाते.

उत्पन्न बंद झाल्यावर तो लिहू लागला. १९२९ मध्ये ब्रिटनमधील ‘कंट्री लाइफ’मध्ये त्याचा पहिला लेख आला. १९३१ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने त्याला नोकरी दिली. पर्यटक आणायला असा माणूस हवाच होता, हेही खरे. प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात अजावान सरोवराकाठी त्याला लाकडी घर मिळाले. बीव्हरांनी आपले घरटे थेट त्याच्या घराला चिकटून, काही भाग आत घेऊनच बांधले.

खोटेपणा इतकी वर्षे कसा टिकला?

लोकांना तो तसाच हवा होता, हे सरळ उत्तर. केस काळे रंगवलेले, अंगावर हरणाच्या कातड्याचे कपडे, चेहरा कधी न हसणारा. १९३५-३६ आणि १९३७ मध्ये ब्रिटनमधील त्याची व्याख्याने गर्दी खेचत होती. डिसेंबर १९३७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजा सहावा जॉर्ज आणि राजकन्यांसमोरही तो बोलला. त्याच महिन्यात मुलांसाठीच्या कार्यक्रमात कोल्ह्यांच्या शिकारीवर टीका करण्याचा आग्रह त्याने सोडला नाही, म्हणून बीबीसीने त्याचे भाषण रद्द केले.

हेस्टिंग्जमधील व्याख्यानाला त्याच्या आत्या हजर होत्या. त्यांनी आर्चीला ओळखले आणि गप्प राहिल्या. टेमागामीतील ओजिब्वे लोकांनाही तो कोण हे ठाऊक होते. ‘नगेट’कडे तर अँजेलने सांगितलेली हकीकत १९३५ पासून होती. त्याच्या कामाला धक्का बसू नये म्हणून संपादकांनी ती दाबून ठेवली. ज्या बाईला त्याने टाकले, तिची कहाणी अशी त्याच्या सोयीने तीन वर्षे थांबली.

अनाहारिओ १९३६ मध्ये त्याच्यापासून वेगळी झाली होती. तो इंग्रज होता हे तिलाही त्याच्या मृत्यूनंतरच कळले.

चित्रपट कसा घडला?

१९३६ मध्ये लेस्टरमधील एका व्याख्यानाला रिचर्ड आणि डेव्हिड अ‍ॅटनबरो हे दोन शाळकरी भाऊ आले होते. डेव्हिड पुढे निसर्गविषयक माहितीपटांमुळे जगभर पोहोचले. ‘गांधी’ (१९८२) करणाऱ्या रिचर्ड यांनी १९९९ मध्ये ‘ग्रे आउल’ चित्रपट आणला. पिअर्स ब्रॉस्नन प्रमुख भूमिकेत होते. चित्रपटाचा भर अनाहारिओबरोबरच्या वर्षांवर आहे. ‘गांधी’सारखे यश मात्र त्याला मिळाले नाही.

आज मोठा आक्षेप वेगळाच आहे. ज्या काळात कॅनडा सरकार आदिवासी मुलांना घरापासून तोडून वसतिगृह शाळांत डांबत होते, त्याच काळात आदिवासी वेशातला एक इंग्रज व्यासपीठे गाजवत होता. खऱ्या आदिवासींना ती मिळाली नसती. दुसरीकडे, जंगल ही संपणारी गोष्ट आहे हे त्याने सामान्य वाचकांपर्यंत नेले, हेही नाकारता येत नाही.

अजावानचे घर अजून उभे आहे. तिथे जायला सुमारे २० किलोमीटरची पायवाट किंवा होडी. घराशेजारी ग्रे आउलची कबर आहे. १९८३ मध्ये ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ने सन्मानित झालेल्या आणि १९८६ मध्ये वारलेल्या अनाहारिओलाही तिथेच, त्याच्या बाजूला पुरण्यात आले आहे.