लंगडणारा मासा

अमेरिकेतल्या 'लाइफ' साप्ताहिकाचा १७ ऑगस्ट १९६२ चा अंक हातोहात खपला, त्याचे कारण मुखपृष्ठावरच होते. मॅरिलिन मन्रो जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि तिच्याविषयी मिळेल ते वाचायला सारी अमेरिका अधीर होती. अंकाची आतली पाने उलटताना या वाचकांना आणखी एक लेख दिसला. त्याचा मन्रोशी काडीचाही संबंध नव्हता. फिनलंडमधल्या एका कोळ्याने घडवलेल्या, बोटभर लांबीच्या लाकडी माशाची ती हकिकत होती. हा खोटा मासा पाण्यातून ओढला की मोठे मासे त्यावर तुटून पडतात, एवढाच तिचा सारांश. मन्रोसाठी अंक घेतलेल्या लोकांनी ती वाचली, आणि त्यानंतर त्या लाकडी माशासाठी तीस लाखांची मागणी आली असे सांगतात. तो घडवणारा लाउरी रापाला तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता आणि गेली सव्वीस वर्षे हेच काम करत होता.

आज अमेरिकेत हौसेने गळ टाकणाऱ्या कोणाचीही पेटी उघडली, तर तिच्यात एखादा तरी रापाला निघतोच. आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसे तिकडे अनेक जण या आकाराच्या कुठल्याही खोट्या माशाला रापालाच म्हणतात. या हौशी मंडळींचा सर्वांत आवडता मासा म्हणजे बास, त्यातही मोठ्या जबड्याचा 'लार्जमाउथ' बास. गोड्या पाण्यातला, हिरवट रंगाचा, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसणारा. (आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत 'सी बास' म्हणतात, पण या दोघांचे गोत्र एक नव्हे. चवीच्या बाबतीत तर मी जिताड्याच्याच बाजूचा.) गंमत अशी, की ज्या बासच्या शिकारीने रापालाचे नाव घरोघर पोचवले, तो मासा मुळात फिनलंडचा नव्हेच. लाउरीने आपले आमिष घडवले ते पाइक, ट्राउट आणि पर्च या माशांसाठी, आणि हौसेसाठी तर मुळीच नाही.

त्याचा जन्म नोव्हेंबर १९०५ मधला, स्यूस्मा नावाच्या गावचा. आडनाव सारिनेन. पुढे आई त्याला घेऊन शेजारच्या असिक्काला परगण्यात आली. चर्चच्या वहीत नाव नोंदवताना तिथल्या पाद्र्याला या बाईचे आडनाव काही आठवेना, तेव्हा ती ज्या वाडीतून आली तिचेच नाव त्याने लिहून टाकले, अशी कथा आहे. ती वाडी म्हणजे रापाला. फिनिश भाषेत 'रापा' म्हणजे चिखल. म्हणजे आपल्याकडे एखाद्याला चिखलवाडीकर म्हणावे तसाच हा प्रकार. जगभरच्या दुकानांत पुढे जे नाव झळकले, ते असे कारकुनी विसराळूपणातून आले. घरात संपत्ती नव्हती, जमीन नव्हती. शाळाही बेताचीच झाली असावी. देश १९१७ मध्ये स्वतंत्र झाला, १९१८ मध्ये यादवी युद्धात होरपळला, आणि या पोराचे वय तेव्हा बारा-तेरा. रानात लाकूडतोड, शेतावर मजुरी आणि उरलेला वेळ सरोवरावर, असे त्याचे तारुण्य गेले. १९२८ साली एल्माशी लग्न झाले. पुढे मुले झाली सात.

हे सरोवर म्हणजे पाइयान्ने. दक्षिणोत्तर सुमारे १२० किलोमीटर पसरलेले, बेटाबेटांनी भरलेले. फिनलंडमध्ये आकाराने दुसरे. हेलसिंकीला आज पिण्याचे पाणी याच सरोवरातून, १९८२ मध्ये पुऱ्या झालेल्या बोगद्यातून जाते. लाउरी या पाण्यावर जाळी टाकी आणि लांबलचक दोर सोडी. त्या दोराला शेकडो गळ असत आणि प्रत्येक गळाला एकेक लहान मासा लावावा लागे. ज्यांनी हे काम केले नाही त्यांना त्यातला जाच कळणार नाही. आधी आमिषाचे मासे पकडायचे, ते जिवंत ठेवायचे, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी एकेक गळाला अडकवायचा, पाण्यात सोडायचा, पुन्हा काढायचा. मोठा मासा लागला तर आनंद. नाही लागला तर आमिष वाया आणि दिवसही वाया. रापालाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण त्याच्या निसर्गप्रेमावर भर देतात. मला मात्र वाटते, की तो खोट्या माशाकडे वळला त्याचे खरे मूळ या कंटाळवाण्या, हात फोडणाऱ्या कामात आहे. एकच आमिष शंभरदा वापरता आले तर? हा प्रश्न गरिबाचाच असू शकतो.

उत्तर त्याला होडीतून पाहता पाहता मिळाले. लहान मासोळ्यांचा थवा चालला असता मोठा पाइक खालून झेपावे. थव्यात शेकडो मासोळ्या असत, पण तो धरी ती नेमकी एखादीच. ती इतरांसारखी सरळ पोहत नसे. किंचित एका बाजूला झुकत, लडबडत चाललेली असे. दुखावलेली किंवा आजारी. लाउरीच्या ध्यानात आले, की मोठ्या माशाला भुलवायचे तर देखणा मासा करून चालणार नाही. लंगडणारा मासा केला पाहिजे.

या निरीक्षणाची सत्यता पुढे प्रयोगशाळेनेही दाखवून दिली. १९८६ साली लॅन्डो आणि टेरबॉर्ग या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिकारी मासा होता लार्जमाउथ बासच. एकटी मासोळी बास सहज पकडी. थवा मोठा झाला की तो गोंधळून जाई आणि त्याचा नेम चुकू लागे. पण त्याच थव्यात एखाद-दुसरी निळ्या रंगाने रंगवलेली मासोळी सोडली, की बासला पुन्हा शिकार साधू लागे. थव्यातले वेगळेपण जिवावर बेतते, ते असे. लाउरीने हे पन्नास वर्षे आधी, वल्ही मारता मारता जाणले होते.

१९३६ साली त्याला हवा तसा मासा जमला. हत्यार म्हणजे चांभाराची रापी आणि काचकागद. अंग बुचाचे. त्यावर चकाकीसाठी चॉकलेटच्या वड्यांचा चांदीचा कागद. पाण्यापासून बचाव म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप. तोंडाखाली एक छोटी तिरपी पट्टी, म्हणजे जणू जीभ. सारी करामत या जिभेत आणि अंगाच्या हलकेपणात आहे. मासा ओढला की पाण्याचा दाब जिभेवर पडून तोंड खाली दबते आणि अंग डावी-उजवीकडे झुलू लागते. अंग जड असते तर ते झुलणे मंदावले असते. म्हणून पुढे बुचाची जागा बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाने घेतली. ओढणे थांबवले की तोच मासा अलगद वर तरंगतो, शक्ती संपलेल्या जिवासारखा. या आमिषावर लाउरी दिवसाकाठी सहाशे पौंड, म्हणजे पावणेतीन क्विंटलच्या आसपास मासे पकडी, अशी दंतकथा आहे. वल्ही मारणारा एक माणूस आणि एक होडी, हे ध्यानात घेतले तर मला हा आकडा अंमळ फुगलेला वाटतो. पण शेजारचे कोळी त्याच्याकडे आमिष मागायला येऊ लागले, यातच काय ते आले.

मग युद्ध आले. रशियाशी फिनलंडच्या झालेल्या दोन लढायांत १९३९ ते १९४४ मधली बरीच वर्षे गेली. त्यानंतर घराचाच कारखाना झाला. बाप कोरी, मुले घासत, रंगवत, एल्मा हातभार लावी. रेयो, एन्सिओ, रिस्तो ही मुले याच धंद्यात वाढली. तयार झालेला प्रत्येक मासा पाण्यात ओढून पाहायचा हा बापाचा दंडक होता. जो नीट लंगडणार नाही तो विकायचा नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक भरले आणि परदेशी पाहुण्यांच्या सामानातून काही मासे दूरदेशी गेले.

१९५९ साली मिनेसोटातला मासेमारीच्या सामानाचा विक्रेता रॉन वेबर याच्या नजरेस हे आमिष पडले. त्या राज्याच्या उत्तर भागात फिनलंडहून आलेल्यांची वस्ती बरीच आहे, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. वेबरने मिनियापोलिसचा दुकानदार रे ऑस्ट्रम याला जोडीला घेतले, फिनलंडशी पत्रव्यवहार केला आणि माल मागवायला सुरुवात केली. वेळही नेमकी साधली होती. जुन्या अमेरिकन रिळावरून इतके हलके आमिष फेकणे म्हणजे वाऱ्यावर पीस फेकण्यासारखेच होते. महायुद्धानंतर मात्र फ्रान्समधून आलेले, न फिरणाऱ्या फिरकीचे स्पिनिंग रीळ घरोघर पोचले होते आणि नायलॉनचा बारीक तंगूस स्वस्त झाला होता. अकरा सेंटिमीटरचा, जेमतेम सहा ग्रॅमचा मासाही आता दूर फेकता येऊ लागला. हे रीळ आणि हा तंगूस नसता, तर 'लाइफ'मधला लेख वाचून लोक हळहळले असते आणि पान उलटून पुढे गेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखानंतर काय झाले ते सर्वश्रुत आहे. मागणी अफाट, आणि मासे घडवणारे हात मोजके. काही दुकानदार तर अनामत रक्कम घेऊन एकेक मासा भाड्याने देऊ लागले. सायकल भाड्याने घ्यावी तसा लाकडी मासा!

बाससाठी हा मासा वापरण्याची रीत ऐकायला सोपी आणि पाळायला अवघड आहे. गवताच्या कडेला किंवा पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाशी तो टाकायचा आणि काही करायचे नाही. पाण्यावरची वर्तुळे पुरती विरू द्यायची. मग काठीच्या टोकाने तंगुसाला इतका हलका झटका द्यायचा, की मासा जागच्या जागी थरथरावा. पुन्हा थांबायचे. बास बहुधा या थांबण्यातच झडप घालतो. नवख्याचे चुकते ते इथेच, कारण त्याला सतत काहीतरी करावेसे वाटते. पाणी थंड असेल तर थांबणे आणखी लांबवायचे. तंगूस आमिषाच्या कडीला आवळून बांधायचा नाही, सैल फासाने बांधायचा, नाही तर त्याचे झुलणे मरते. मासा सरळ न येता डावीकडे पळू लागला, तर पक्कड घेऊन पुढची कडी केसभर उजवीकडे वाकवायची. वसंतात नर बास उथळ पाण्यात अंड्यांची राखण करत असतो. तेव्हा तो भूक नसतानाही या लुडबुड्यावर धावून येतो. अशा वेळी त्याला गळाला लावावे की नाही यावर तिकडच्या जाणकारांत मतभेद आहेत. मला विचाराल तर लावू नये. तो वर ओढला जातो तेवढ्या वेळात इतर मासे अंडी फस्त करतात.

इथेच या कथेतला पेच आहे. १९७२ साली रे स्कॉट नावाच्या माणसाने आपल्या बास-स्पर्धांतून पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याची मोहीम सुरू केली आणि ती रूढ झाली. मासा वजन करायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. तळी मासळीविना ओस पडू नयेत यासाठी हे चांगलेच झाले. पण ज्या आमिषाला दोन-तीन तिहेरी गळ लटकत असतात, ते सोडून देण्यासाठी घडवलेले नव्हे. ते घडवणाऱ्या माणसाच्या घरी सुटलेला मासा म्हणजे कमी झालेले जेवण होते. आज समजूतदार लोक त्या गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाकतात, म्हणजे माशाचा जबडा फाटत नाही. लाउरीने असे करणाऱ्याकडे नवलाने पाहिले असते. तिरस्काराने नव्हे, कारण हाच हौशी माणूस त्याच्या सात मुलांचा पोशिंदा ठरला होता.

लाउरी रापाला १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये वारला. वय अडुसष्ट. तोपर्यंत धंदा मुलांच्या हाती गेला होता, यंत्रे आली होती, नाव जगभर झाले होते. प्रत्येक मासा पाण्यात ओढून पाहण्याचा दंडक मात्र सुटला नाही. सरोवराच्या जागी फक्त पाण्याची टाकी आली. टाकीशी बसलेला कामगार मासा पाण्यात सोडतो, ओढतो, त्याची चाल बघतो. सरळ गेला तर कडी किंचित वाकवतो आणि तो लंगडू लागेपर्यंत पुन्हा ओढतो.