तणांविरुद्ध उभा राहिलेला बॅरिस्टर

जेथ्रो टल हे नाव शहरातील अनेकांनी ऐकलेले असते ते एका ब्रिटिश रॉक बँडमुळे. बासरीच्या वेगळ्या वापरासाठी गाजलेल्या या बँडला १९६८ मध्ये हे नाव मिळाले. त्यांचे कार्यक्रम ठरविणाऱ्या कचेरीतील एका इतिहासप्रेमी कर्मचाऱ्याने ते सुचविले होते. ज्याच्या नावाची ही उसनवारी झाली, त्या मूळ माणसाचा मृत्यू त्याआधी सव्वादोनशे वर्षांपूर्वी झाला होता. तो होता इंग्लंडमधील एक आजारी, हट्टी आणि काहीसा चिडखोर जमीनदार. शेतातील तण हा त्याचा आयुष्यभराचा शत्रू होता. बियाणे ओळीत पेरणारे यंत्र आणि त्या ओळींमधून तण काढणारे घोड्याचे कोळपे यांच्या जोरावर त्याने या शत्रूशी झुंज दिली. युरोपातील शेतीला यंत्रयुगाकडे नेणाऱ्यांत आज त्याचे नाव घेतले जाते. हयातीत मात्र त्याच्या वाट्याला मुख्यतः टीकाच आली.

वकिली सोडून शेतीकडे

इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यात बॅसिल्डन नावाचे गाव आहे. तेथील चर्चमध्ये ३० मार्च १६७४ रोजी जेथ्रोचा बाप्तिस्मा झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. सतराव्या वर्षी, १६९१ मध्ये, त्याने ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात प्रवेश घेतला. पुढे तो लंडनला कायदा शिकण्यासाठी गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे ज्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, त्याच संस्थेतून टलने १६९९ मध्ये बॅरिस्टरची सनद मिळविली. राजकारणात जाण्याचा त्याचा विचार होता. परंतु प्रकृती साथ देईना. फुप्फुसांच्या विकाराने तो त्रस्त होता. त्याच वर्षी सुझाना स्मिथ हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि वकिलीचा झगा बाजूला ठेवून तो ऑक्सफर्डशायरमधील क्रोमार्श येथे वडिलांच्या जमिनीवर शेती करू लागला.

शेती ही त्याची पहिली आवड नव्हती. पण नाइलाजाने स्वीकारलेल्या या व्यवसायाकडे तो नव्या नजरेने पाहू शकला. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत त्याच्या अंगवळणी पडलेली नव्हती.

मुठीतले बी आणि पडीक शेत

त्या काळी इंग्लंडमध्ये बियाणे मुठीने फेकून पेरण्याची पद्धत होती. मजूर झोळीतून मूठ भरून घेई आणि चालता चालता शेतात उधळी. काही बी खोल जाई, काही उघड्यावर पडून पाखरांच्या तोंडी जाई. कोठे दाटी, तर कोठे मोकळी जागा. पण याहून मोठी अडचण पुढे येई. पीक असे विस्कळीत उगवले की त्यात पाऊल टाकायलाही वाट उरत नसे. पिकाबरोबर उगवलेले तण पाणी, ऊन आणि जमिनीतील अन्नांश यांत वाटेकरी होई. ते काढायचे तर माणसाने वाकून, पीक तुडवीत हाताने उपटायचे, एवढाच उपाय होता.

म्हणूनच तेथील अनेक गावांत तीन वर्षांतून एकदा शेत पडीक ठेवले जाई. त्यामुळे जमिनीला विश्रांती मिळत असे. परंतु उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा नांगरून तण मारणे हाही त्यामागचा एक मोठा हेतू होता. अर्थात, एक वर्षाचे उत्पन्न जवळजवळ तणांनाच वाहिल्यासारखे होते.

मजुरांशी वाद, ऑर्गनचा आधार

टलने आपल्या शेतात सेनफॉईन हे चाऱ्याचे पीक घेतले होते. हे आपल्याकडील लसूणघासासारखे द्विदल पीक. त्याचे बी महाग असे आणि त्यातील बरेचसे उगवतही नसे. बी किती खोल पडले, किती झाकले गेले, यावर उगवण अवलंबून असते, हे टलच्या लक्षात आले. त्याने मजुरांना लहान चर काढायला लावले, त्यांत मोजके बी टाकायला लावले आणि ते नीट झाकून घेतले. पीक उत्तम आले. पुढच्या हंगामात मात्र मजूर अडून बसले. आपल्यावाचून धन्याचे चालणार नाही, हे त्यांनी ओळखले असावे. काम मुद्दाम बिघडविले जाते आहे, अशी टलची खात्री झाली आणि त्याने मजुरांना काढून टाकले. त्याने हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. मजुरांची बाजू मात्र कोणी लिहून ठेवली नाही, हे वाचताना विसरता येत नाही.

जे काम माणसे करीत नाहीत ते यंत्राकडून करून घ्यायचे, असे त्याने ठरविले. तरुणपणी त्याने ऑर्गन वाजविण्याचे शिक्षण घेतले होते. चर्चमधील ऑर्गनमध्ये खोबणी, जीभ आणि स्प्रिंग यांच्या साहाय्याने हवा हवी तेव्हा सोडली आणि हवी तेव्हा अडविली जाते. हवेऐवजी बी सोडायचे, ही कल्पना त्याला सुचली. १७०१ च्या सुमारास त्याचे पेरणीयंत्र तयार झाले. वर बियाण्याची पेटी, खाली खाचा असलेला फिरता दांडा, पुढे चर उघडणारा फाळ आणि मागे माती ओढून बी झाकणारे दाते, अशी त्याची रचना होती. घोड्याने ओढलेले हे यंत्र एका वेळी तीन ओळी पेरीत असे. बियाण्यात मोठी बचत झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शेतात प्रथमच सरळ ओळी उभ्या राहिल्या.

द्राक्षमळ्यांतील धडा

१७०९ मध्ये टल हंगरफर्डजवळील प्रॉस्परस नावाच्या शेतावर राहायला गेला. नाव समृद्धीचे असले तरी जमीन खडूमिश्रित आणि हलकी होती. प्रकृती पुन्हा ढासळल्याने १७११ मध्ये तो हवापालटासाठी फ्रान्स आणि इटलीला गेला. दक्षिण फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत त्याने एक गोष्ट पाहिली. तेथील शेतकरी शेणखत न घालता वेलींच्या ओळींमधली माती सतत उकरून भुसभुशीत करीत होते आणि वेली तरारून वाढत होत्या.

१७१४ मध्ये परतल्यावर त्याने हाच प्रयोग सलगम आणि बटाट्यावर केला, नंतर गव्हावर. गव्हाच्या दोन-तीन ओळी जवळजवळ पेरायच्या, मग घोडा सहज चालेल एवढी रुंद पट्टी मोकळी सोडायची आणि पीक उभे असताना त्या पट्टीतून घोड्याचे कोळपे फिरवायचे, अशी ही पद्धत होती. कोळप्याने तण मुळासकट उपटले जाई आणि माती मोकळी होई. अशा रीतीने एकाच शेतात, शेणखत न घालता, त्याने सलग तेरा वर्षे गहू घेतला. पडीक वर्षाची गरजच त्याने मोडीत काढली. शेजारच्या शेतकऱ्यांना हे वेडाचार वाटत होते.

हाताचे खरे, सिद्धांताचे खोटे

या अनुभवावर आधारलेला त्याचा ग्रंथ १७३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा काही भाग १७३१ मध्येच लोकांपुढे आला होता. नांगर, पेरणीयंत्र, कोळपे यांच्या तपशीलवार आकृत्या त्यात होत्या. तणांवर तर त्याने एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले.

मात्र यशाचे कारण सांगताना टल चुकला. वनस्पतींची मुळे मातीचे अतिसूक्ष्म कणच खातात. म्हणून माती जितकी बारीक करावी तितके पिकाला अन्न अधिक, असे त्याने मांडले. शेणखताचे काम केवळ माती फोडण्याचे आहे, शिवाय त्यातून तणांचे बी शेतात येते, म्हणून ते टाळलेलेच बरे, असा त्याचा आग्रह होता. तणांच्या बियांबद्दलचे निरीक्षण बरोबर होते, पण निष्कर्ष टोकाचा होता. वनस्पती मातीचे कण खात नाहीत. त्या हवेतून कार्बन आणि पाण्यात विरघळलेली खनिजे घेतात. १८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या ग्रंथानंतर खनिज पोषणाचा विचार सर्वत्र पसरला. टलच्या शेतात गहू आला तो तण हटल्यामुळे, आणि मशागतीने मातीतील सेंद्रिय द्रव्य कुजून नत्र मोकळे झाल्यामुळे. म्हणजे तो जमिनीच्या जुन्या शिलकीवर जगत होता.

टीकाकारांनी हे वर्म नेमके हेरले. स्टीफन स्विट्झर या उद्यानतज्ज्ञाने आणि त्याच्या मंडळींनी त्याच्यावर हल्ला चढविला. खताबद्दलच्या मतांची थट्टा झाली आणि कल्पना जुन्या लेखकांकडून उचलल्याचा आरोपही झाला. १६६९ मध्ये जॉन वर्लिज याने पेरणीयंत्राची आकृती छापली होती, हे खरे होते. चालणारे यंत्र मात्र शेतात उतरविले टलने. आजारपणातही तो आरोपांना उत्तरे देत राहिला. २१ फेब्रुवारी १७४१ रोजी प्रॉस्परस शेतावर त्याचे निधन झाले आणि जन्मगावच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चच्या आवारात त्याला पुरण्यात आले.

तिफणीचा देश

मृत्यूनंतर त्याच्या विचारांना प्रथम दाद मिळाली ती फ्रान्समध्ये. दुहामेल द्यु मोंसो या शास्त्रज्ञाने १७५० मध्ये त्याच्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला. इंग्लंडमध्ये विल्यम कॉबेटने १८२२ मध्ये टलचे पुस्तक पुन्हा छापले. पेरणीयंत्राचा सर्रास वापर सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकात, तेही यंत्रात अनेक सुधारणा झाल्यावर. गावच्या सुताराला दुरुस्त करता न येणारे यंत्र शेतकरी विकत घेत नाही, हे त्यामागचे साधे कारण होते.

पेरणीयंत्राचा जगातील पहिला जनक म्हणून टलचा उल्लेख अनेकदा होतो. तो बरोबर नाही. प्राचीन मेसोपोटेमिया आणि चीनमध्ये अशी साधने होती. आपल्याकडील पाभर आणि तिफणही याच कुळातील. चाड्यावर धरलेल्या मुठीतून बी नळ्यांत सोडायचे, फणाने काढलेल्या काकरीत ते पडायचे आणि पुढे त्याच ओळींतून बैलांचे कोळपे फिरायचे, ही रीत दख्खनच्या शेतकऱ्याला नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन थॉमस हॅल्कॉट या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातील शेतकऱ्यांची अशी पेरणी पाहिली, तेव्हा तो थक्क झाला. तोवर हा युरोपचा आधुनिक शोध आहे, अशी त्याची समजूत होती. ओळीत पेरण्याचे मोल टलला पुन्हा नव्याने शोधावे लागले, एवढाच याचा अर्थ.

तणांचा प्रश्न टलबरोबर संपला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रासायनिक तणनाशके आली आणि कोळप्याचे दिवस सरले, असे वाटू लागले. पण सतत फवारणी झालेल्या शेतांत त्या औषधांना दाद न देणारी तणे जगभर वाढली आहेत. परिणामी, कॅमेऱ्याने पिकाची ओळ ओळखून तिच्या शेजारचे तण उपटणारी यंत्रे युरोपातील शेतांत फिरू लागली आहेत. इकडे महाराष्ट्रात ऐन हंगामात खुरपणीला माणूस मिळत नाही, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. सव्वातीनशे वर्षांपूर्वी क्रोमार्शच्या शेतात मजूर आणि धनी यांच्यात जो पेच पडला होता, तो आजही सुटलेला नाही. टलचा सिद्धांत विज्ञानाने केव्हाच बाद केला. पण पिकाला ओळ आणि ओळींमध्ये वाट ठेवण्याची त्याची पद्धत आजही या नव्या यंत्रांचा आधार आहे.