पश्चात्तापानंतरची परीक्षा

नाताळच्या उपासनेत आपण गव्हाणीतील बालकापुढे नम्र होतो खरे. परंतु मंदिरातून बाहेर पडताना, इतरांहून आपण बरे, असा सूक्ष्म अभिमान नकळत मनात शिरतो. प्रभू येशूने परुशी व जकातदार यांचा दाखला सांगितला तो याच अभिमानावर बोट ठेवण्यासाठी. या संदर्भात आम्हांस जॉन न्यूटन या इंग्रज धर्मोपदेशकांच्या चरित्राचे स्मरण होते.

न्यूटन यांचा जन्म १७२५ साली लंडनमध्ये एका जहाजाच्या कप्तानाच्या घरी झाला. वयाची सात वर्षे पुरी होण्याआधीच मातृछत्र हरपले. तरुणपणी आरमारातून पळाल्याबद्दल त्यांनी फटके खाल्ले. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलाम-व्यापाऱ्याकडे हालअपेष्टा भोगल्या. १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिक महासागरात त्यांचे जहाज वादळात सापडले, तेव्हा या नास्तिक खलाशाने देवाचा धावा केला. तो दिवस त्यांनी जन्मभर कृतज्ञतेने पाळला.

परंतु खरी परीक्षा त्यानंतरच होती. १७५० ते १७५४ या काळात गुलामवाहू जहाजांचे कप्तान म्हणून न्यूटन यांनी तीन सफरी केल्या. तोंडातील शिव्याशाप गेले होते, शास्त्रवाचन नित्याचे झाले होते, रविवारची उपासना ते स्वतः चालवीत. आणि त्याच डेकखाली बेड्या घातलेली माणसे कोंडलेली असत. हा धंदा अधर्माचा आहे, हा विचार त्यांच्या मनास तेव्हा शिवलाही नाही. अखेर त्यांचा समुद्रप्रवास सुटला तो आजारपणामुळे.

१७६४ साली ते ऑल्नी गावी पाळक झाले. ‘अमेझिंग ग्रेस’ हे त्यांचे सुविख्यात गीत १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी रचलेले. तरीही गुलामांच्या व्यापाराचा जाहीर निषेध करणारी पुस्तिका त्यांच्या हातून उतरली ती १७८८ साली, समुद्र सोडल्यावर चौतीस वर्षांनी. लोक त्यांना संत मानू लागले असता, आपण स्वतः त्या पापाचे वाटेकरी होतो, ही कबुली त्यांनी तीत दिली, आणि सरकारपुढे साक्षही दिली. गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या विल्बरफोर्स यांना त्यांचा मोठा आधार होता. १८०७ च्या मार्चमध्ये तो व्यापार बंद करणारा कायदा ब्रिटिश संसदेने केला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, नाताळास चार दिवस उरले असता, न्यूटन यांनी देह ठेवला. आपला स्मृतिलेख त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात आपल्या पूर्वायुष्याचा कलंक त्यांनी झाकला नाही.

दुर्वर्तन सुटले की मन निर्धास्त होते, आणि परुशी तेथेच जन्मास येतो. प्रार्थना करणाऱ्या कप्तानास डेकखालचा आक्रोश पाप वाटला नाही, तर आमच्या उपासनेच्या फळ्यांखाली कोण कण्हत असेल? घरातील मोलकरणीची मजुरी, दुरावलेला भाऊ, मंडळीत मागच्या बाकावर बसणारा गरीब, यांच्याकडे पाहून या नाताळी आपण स्वतःस हा प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते.