पाउल लांगरहान्स

पाउल लांगरहान्स (जन्म : बर्लिन, २५ जुलै १८४७, मृत्यू : फुंशाल, २० जुलै १८८८) हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ होते. स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणारे पेशीसमूह 'लांगरहान्सची द्वीपके' म्हणून ओळखले जातात.

जीवन

त्यांचे वडील बर्लिनमध्ये वैद्यकीय व्यवसाय करीत. पाउल लहान असतानाच आईचे क्षयाने निधन झाले. येना येथे एर्न्स्ट हेकेल यांच्याकडे काही काळ शिकून ते बर्लिनला परतले आणि रुडोल्फ फिर्खो यांचे विद्यार्थी झाले. १८६८ मध्ये विद्यार्थिदशेतच त्यांनी गोल्ड क्लोराइडने रंगवलेल्या त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या व त्यांना मज्जापेशी मानले. हा तर्क चुकीचा ठरला. त्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशी आहेत, हे सुमारे शंभर वर्षांनी उमगले.

१८६९ च्या पदवी प्रबंधात त्यांनी सशाच्या स्वादुपिंडाची सूक्ष्मरचना मांडली. पाचकरस तयार करणाऱ्या पेशींमध्ये विखुरलेले लहान, बहुकोनी, फिकट पेशींचे पुंजके त्यांना दिसले. त्यांचे आकारमान व मांडणी त्यांनी काळजीपूर्वक नोंदवली, पण या पेशींचे कार्य काय, हे आपणांस ठाऊक नाही असे सरळ लिहून टाकले. एकविसाव्या वर्षी पदवीच्या प्रबंधात एवढी कबुली देणे सोपे नव्हे. मधुमेहाशी या पुंजक्यांचा संबंध असेल, हे त्यांच्या गावीही नव्हते.

पुढे मध्यपूर्वेचा प्रवास आणि फ्रान्स-प्रशिया युद्धातील रुग्णसेवा झाल्यावर ते फ्रायबुर्ग विद्यापीठात रुजू झाले व तेथे प्राध्यापक झाले. मात्र १८७४ मध्ये त्यांना क्षयाने गाठले. नेपल्स, काप्री, दाव्होस अशी ठिकाणे पालथी घालूनही गुण येईना. १८७५ मध्ये ते अटलांटिकमधील मदीरा या पोर्तुगीज बेटावर गेले. तेथे त्यांना बराच उतार पडला. फुंशाल गावी त्यांनी रुग्ण तपासले, सागरी कृमींचा अभ्यास केला आणि बेटाविषयी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. १८८५ मध्ये त्यांनी विवाह केला. संसार जेमतेम तीन वर्षे टिकला. मूत्रपिंडे निकामी होऊन, एक्केचाळीस पूर्ण व्हायला पाच दिवस असताना, त्यांचे निधन झाले. फुंशालच्या ब्रिटिश दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

शोधाचे पुढे काय झाले

स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे मिंकोव्हस्की व फोन मेरिंग यांनी दाखवले ते १८८९ मध्ये, लांगरहान्स यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी. १८९३ मध्ये फ्रान्समधील लागेस यांनी या पुंजक्यांना त्यांचे नाव दिले. टोरांटो येथे इन्शुलिन वेगळे झाले ते १९२१ मध्ये.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच या द्वीपकांतील बीटा पेशी नष्ट करते. म्हणून मृत दात्याच्या स्वादुपिंडातून द्वीपके वेगळी काढून ती यकृतात रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत सोडण्याची पद्धत पुढे आली. १९७४ पासून मिनेसोटा विद्यापीठात मानवावर झालेले आरंभीचे प्रयोग मूत्रपिंड बदललेल्या मधुमेहींवर होते. परके मूत्रपिंड टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांना घ्यावीच लागत, त्यामुळे द्वीपकांसाठी नवा धोका फारसा पत्करावा लागत नसे. त्या काळी इन्शुलिन पूर्णपणे सुटत नसे. २००० साली कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्णांना इन्शुलिनची टोचणी थांबवता आली. त्यासाठी प्रत्येकाला एकाहून अधिक दात्यांची द्वीपके द्यावी लागली.