अंधारलेल्या डोळ्यांना उजेड देणारे डॉ. वानलेस

सांगलीहून मिरजेकडे जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. रोज या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांपैकी अनेकांना हे नाव कोठून आले, याची कल्पना नसते. ज्यांच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते, ते सर विल्यम जेम्स वानलेस या परिसरात सुमारे चार दशके राहिले आणि दृष्टी गमावलेल्या हजारो माणसांना त्यांनी पुन्हा उजेडात आणले.

डॉ. वानलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८८९ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. आरंभी सांगलीत काम करून ते पटवर्धनांच्या मिरज संस्थानात स्थिरावले. १८९४ मध्ये तेथे मिशनचे रुग्णालय सुरू झाले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, उरलेला संस्थानांत विखुरलेला होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सातारा जिल्ह्यातून जाणाऱ्या पुणे-मिरज लोहमार्गामुळे दूरच्या रुग्णांनाही मिरज गाठता येऊ लागले.

या रुग्णांत मोतीबिंदूने ग्रासलेले असंख्य होते. गावोगाव फिरणारे वैदू तेव्हा सुईने डोळ्यातील पांढरे भिंग आत ढकलून देत. काहींना त्याने तात्पुरते दिसे. अनेकांचा डोळा मात्र पिकून कायमचा जाई. नव्या शल्यविद्येत भिंग आत न ढकलता बाहेर काढले जाई. १८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिल्याने ही शस्त्रक्रिया सुसह्य झाली होती.

तरीही शल्यविशारदापुढे पहिला प्रश्न वेगळाच असे : या डोळ्याला खरोखर दिसू शकेल काय? त्याचे उत्तर डोळ्याची बाहुली देई. निरोगी डोळ्यावर प्रकाश पडताच बाहुली आकसते. अंधारात ती सुमारे ८ मिलिमीटरपर्यंत पसरते, तर प्रखर उजेडात २ मिलिमीटरपर्यंत लहान होते. दृष्टिपटलावर पडलेल्या प्रकाशाचा संदेश मज्जातंतूमार्गे मेंदूकडे जातो आणि तेथून बुबुळाच्या स्नायूला आज्ञा मिळते. एका डोळ्यावर उजेड टाकला तरी दोन्ही बाहुल्या आकसतात, त्या यामुळेच.

मोतीबिंदू कितीही दाट असला तरी पांढऱ्या भिंगातून प्रकाश झिरपून दृष्टिपटलापर्यंत पोहोचतोच. म्हणून रुग्णाला समोरची बोटे मोजता आली नाहीत, तरी दिव्याने बाहुली हलली, तर आशेला जागा असे. काचबिंदूने दृष्टीची नस मेलेली असेल, तर बाहुली प्रकाशापुढे जागची हलत नसे. मग भिंग काढूनही काही उपयोग नसे. मैलोन्‌मैल प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे सांगणे, हा नेत्रवैद्याच्या कामाचा सर्वांत कठीण भाग होय.

ज्यांची शस्त्रक्रिया यशस्वी होई, त्यांना उजेडाबरोबर रंगही परत मिळत. वयोमानाने भिंग पिवळसर-तपकिरी होते आणि निळा प्रकाश अडवून धरते. ते काढताच निळा रंग एकदम उजळतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्यावर १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनाही सारे जग निळसर भासू लागले होते. कृत्रिम भिंग तेव्हा नव्हते. हॅरल्ड रिडले यांनी ते प्रथम १९४९ मध्ये लंडनमध्ये बसविले. तोवर जाड काचांचा चष्मा हाच आधार होता.

बाहुलीचे निळ्या रंगाशी असलेले नाते तर शास्त्रज्ञांना वानलेस यांच्यानंतर कित्येक वर्षांनी उलगडले. दृष्टिपटलात मेलॅनॉप्सिन हे द्रव्य असलेल्या काही खास पेशी असतात आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. सारख्याच तीव्रतेच्या तांबड्या प्रकाशाने आकसलेली बाहुली लवकर सैल होते, निळ्याने आकसलेली मात्र बराच वेळ तशीच राहते, याचे कारण या पेशी होत.

डॉ. वानलेस यांचे कार्य डोळ्यांपुरते सीमित नव्हते. कुष्ठरुग्णांसाठी आश्रम, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आणि स्थानिक तरुणांना वैद्यक शिकविणारी शाळा त्यांनी उभी केली. कोल्हापुरातील रुग्णालयाला मेरी यांचे नाव लाभले. १९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते अमेरिकेला परतले आणि १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मिरजेला वैद्यकनगरी म्हणून लौकिक मिळाला. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही स्थापन झाले. या लौकिकाचा पाया मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घातला गेला. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही मिनिटांत उरकते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पण त्याआधी डॉक्टर विजेरी घेऊन डोळ्यावर प्रकाशाचा झोत टाकतात आणि बाहुली आकसते का, हे आजही पाहतातच.